तोंड नाय, काळीज नाय

कावळा शिवला.

असं काही घडलेलंच नाही, असं समजून पुढे वाचा. सापगावला नदीकाठी माझ्या ताईचा, भाविकाचा, दहावा आहे. पिंड मांडलाय. कावळे समोरच्या उंबरावर बसून आमच्याकडे बघतायत. खाली यायला एकही तयार नाही.

कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. ती ओळखून कबूल करायची, मग तो येतो. तेवीस वर्षांची पोर तापाने गेल्यावर एकच इच्छा राहिलेली असते का, हे भटजींना विचारावंसं वाटलं. पण अंदाज सुरू झाले होते.

"बाय, तुझ्या आईला अंतर देणार नाय," हौसा आत्या हात जोडून म्हणाली. कावळ्याने पंख साफ केला.

"तुझी स्कूटी आमी नेणार नाय," चांगोकाका म्हणाला. नेणारा तोच होता, त्यामुळे त्याग मोठा होता. कावळा ढिम्म.

इच्छा कुठली ते बाबांना ठाऊक होतं.

ताईला रत्नागिरीला समुद्री स्पंज शिकायला जायचं होतं. एक वाळलेला स्पंज तिने आणून टीव्हीशेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी आईने त्याने तवा घासला. "आई, तो प्राण्याचा सांगाडा आहे गो!" ताई ओरडली. आईने तवा तिथेच टाकला आणि जाऊन अंघोळ केली.

मग ताईने सगळ्यांना बसवून शिकवलं. अंगभर बारीक भोकं. त्यांतून पाणी आत येतं. आतल्या पेशी केसासारखी शेपटी हलवून पाणी ओढतात, त्यातलं खाणं गाळून घेतात, आणि वरच्या मोठ्या भोकातून पाणी बाहेर. तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही, काळीज नाही. जागा सोडत नाही म्हणून त्याला स्थानबद्ध म्हणायचं.

"गुन्हा काय केला गो त्याने?" आत्याने विचारलं.

बाबा म्हणाले, "काळीज नाय, हलत नाय, मंग प्राणी कसला? झाड हाय ते. घासणी शिकायला रत्नागिरीला नाय जायचं."

"नका पाठवू. पण एकदा प्राणी म्हणा."

बाबांनी म्हटलं नाही. पुढे ताप आला. दवाखान्यात तोंडावरचा मास्क सरकवून ती म्हणाली, "म्हणा ना." बाबा म्हणाले, "घरी चल, मग म्हणतो."

नदीवर ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा बाबा ओल्या धोतराने उठले आणि पिंडासमोर उभे राहिले.

"बाय, प्राणी हाय तो. झाड नाय. मी चुकलो." मग पिंडाकडे वाकून, "काळीज नसलं तरी कसा जगतो, ते तुलाच ठावं. कळंल आता मला बी."

कावळा आला. लोक म्हणाले, सुटली पोर.

सगळे गेले तरी बाबा घाटाच्या पायरीवरच बसून होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना ताईने सांगितलेली एक गोष्ट सांगितली. काही जातींचा जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून गाळला, त्याची पेशीन् पेशी सुटी केली, तरी त्या पाण्यात एकमेकींना शोधतात, जमतात, आणि पुन्हा स्पंज होतो.

बाबांनी ओंजळभर पाणी उचलून पुन्हा नदीत सोडलं.

"आपल्यात नाय का तशी सोय?"

"आपण प्राण्यांच्या वेगळ्या संघात येतो, बाबा."

"मंग संघ बदलून माग. अर्ज कर. शिकलायस ना?"

प्रति,
मा. अधिकारी, प्राणी वर्गीकरण,
विषय : कै. कु. भाविका कुंडलिक हिचा संघ बदलणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर मुलीची नोंद पृष्ठवंशीय प्राण्यांतून वगळून, पूर्वलक्षी प्रभावाने, रंध्रीय प्राणी संघात करण्यात यावी. राख नदीत सोडलेली आहे. पाणी मुबलक आहे. तिचे वडील जागेवर हजर आहेत. तरी पुढील कार्यवाही त्वरित व्हावी, ही विनंती.