अर्ध्या मिशीची पैज

पैज लागली ती मिशीवर. सुरतेत, कोसाडच्या आमच्या बिल्डिंगखाली, लूमवर कापड विणणारा आनंदा मिशीला पीळ देत म्हणाला, "पोरासोरांना कसलं बीपी? या रंजनाचा पारा एकशेवीसच्या वर गेला ना, तर चौकात अर्धी मिशी काढीन!"

"नाही गेला तर आठवडाभर तुझा डबा माझ्याकडे," वत्सलामावशी म्हणाली. बायका खो खो हसल्या.

मित्रांनो, मी एक जुनं बीपीचं मशीन आहे. पत्र्याची पेटी, काचेच्या नळीत पारा, हाताला बांधायचा पट्टा आणि रबरी नळ्या, बस्स. मावशी नर्स होती. दवाखान्यात तिच्यासोबत माझी तीस वर्षं गेली. भलेभले शेठ माझ्यापुढे चूप बसायचे. मग बटणाची मशिनं आली. मावशी रिटायर झाली, मला घरी घेऊन आली आणि मी माळ्यावर, पापडाच्या डब्याशेजारी. अंगावर धुळीचा थर. पण रविवारी ती मला खाली काढायची, लोकांचं बीपी बघायची. फुकटात.

रंजना सोळा वर्षांची. डोकं सारखं ठणकायचं. तिची आई मंदा म्हणायची, "मोबाईल बघते ना, दुखेलच!"

मावशीनं तिला पाच मिनिटं गप्प बसवलं, पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस. थांबून परत बघितलं. एकशे सेहेचाळीस.

"खटारा झालंय हे! खोटं बोलतंय म्हातारं," आनंदा म्हणाला. मंदालाही तेच ऐकायचं होतं. पोरीला घेऊन ती घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खोटारडं म्हटलं. पण मला भीती पोरीची होती.

पुढच्या रविवारी मला खोटं पाडायला आनंदानंच नव्या नळ्या आणल्या. मावशीनं जुन्या काढल्या. कडक, भेगाळलेल्या. नव्या लावल्या, रंजनाला परत पट्टा बांधला. पारा चढला आणि तिथंच थांबला. एकशे सेहेचाळीस. आनंदाचा चेहरा उतरला. "मंदावहिनी," तो हळूच म्हणाला, "उद्या दवाखान्यात जा. रिक्षा मी आणतो."

तिथं मानेच्या रक्तवाहिनीची सोनोग्राफी झाली. मंदा मावशीजवळ बसून रडत सांगत होती, "डॉक्टर म्हणे, नळीची भिंत जराशी जाड झालीय, कडक व्हायला लागलीय. म्हणे, गभराशो नहीं बेन, घाबरू नका, लवकर कळलं. गोळी घ्या, मीठ तोडा, पोरीला चालवा."

मी ऐकत होतो. माझ्या नळ्या कडक व्हायला कितीतरी वर्षं लागली, आणि आनंदानं दुकानातून नव्या आणल्या. रंजनाच्या नळ्या कुठल्या दुकानात मिळणार?

मित्रांनो, पोरं आहात म्हणून पारा सूट देत नाही. डोकं दुखो न दुखो, अधूनमधून हात पुढे करत जा. आणि आकडा नावडता आला म्हणून मशीनला शिव्या देऊ नका. परत मोजा, डॉक्टरला दाखवा.

रंजना मात्र खाली येईना. अळणी भाजीला हात लावीना. "मी काय म्हातारी आहे?" म्हणून ताट सरकवायची. पैज तर सगळे विसरलेच होते.

एक आनंदा सोडून. रविवारी त्यानं न्हाव्याला चौकात बोलावलं, खुर्ची टाकली आणि वर बघून हाक मारली, "रंजे! आरसा घेऊन ये!"

वस्तरा फिरला. अख्खी बिल्डिंग शिट्ट्या मारत होती. न्हावी दुसरी बाजू भिजवायला लागला, तसा आनंदानं त्याचा हात धरला.

"ही राहू दे. डॉक्टर तीन महिन्यांनी बघणारेत ना? तोवर पोरगी अळणी खाईल, आणि मी असाच कारखान्यात जाईन. बोल रंजे, कबूल?"

रंजना तोंड दाबून हसत होती. डोळे मात्र भरले होते.

"कबूल, काका," ती म्हणाली, आणि आरसा त्याच्यासमोर नीट धरला.