गाडीचं अर्थिंग

हिंगणघाटात सदाशिवरावांचं मोटरपंपांचं दुकान होतं. कुणाच्या शेतावर मोटर बसवायला माणूस पाठवला, की मागोमाग ते स्वतः जात आणि अर्थिंगचा खड्डा पाहून येत. कोळसा-मीठ नीट घातलेलं नसलं तर पुन्हा खणायला लावत. आता दुकान मुलाकडे, स्वप्निलकडे होतं, आणि त्यांच्या हातात उरली होती ती फक्त गाडी. ती ते रोज सकाळी स्वतः पुसत. दाराला कुणाची अंगठी घासली तरी दिवसभर त्यांचं तोंड उतरलेलं असे.

हल्ली गाडीतली गाणी त्यांना फिकी लागायची. "या टेपात दमच नाई राह्यला," असं ते सारखं म्हणत. म्हणून स्वप्निलनं त्यांच्या वाढदिवसाला डिक्कीत ॲम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर बसवायला घेतला. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज घालून, मागे आणून झाली. उरली परतीची वायर. ती गाडीच्या पत्र्याला जोडायची होती.

"बाबा, इथला रंग थोडा घासा लागते. रंगावर वायर ठेवली त करंट नीट जात नाई."

"रंगाले हात नाई लावाचा. तो स्क्रू आहे ना, त्याच्याखाली दाब."

"पण बाबा, तिथंही रंगच आहे..."

"दाब म्हनलं ना!"

वाढदिवशी वाद नको म्हणून स्वप्निलनं दाबली.

पहिलं गाणं लागलं आणि तबल्याचा ठेका सदाशिवरावांच्या छातीत घुमला. असा ठेका त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ते गावभर चक्कर मारायला निघाले. मागे बसलेली त्यांची सून दीपाली मात्र चौकातच म्हणाली, "बाबा, ही शिट्टी कायची येऊन राह्यली?"

"कोणती शिट्टी?"

"गाडी रेस केली की वाढते, पाहा ना. कानात घुसते."

त्यांनी कान देऊन ऐकलं. तबला होता, गाणाऱ्याचा आवाज होता. शिट्टी कुठेच नव्हती. शेजारी बसलेल्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, पदरानं कान झाकले होते. घरी आल्यावर स्वप्निल म्हणाला, "ग्राउंड, म्हंजे गाडीचं अर्थिंग, नीट नाई बसलं. मी खोलून पाहतो."

"काई खोलाचं नाई. मस्त वाजून राह्यलं. माह्या गाण्यांचा कंटाळा आला असन त सरळ सांगा, शिट्टीचं नाव कायले घेता?"

त्यानंतर सदाशिवराव एकटेच गाडी घेऊन निघू लागले. गाणी जोरात लावत, आणि मनातून थोडे रुसलेलेही असत.

चतुर्थीला सगळे केळझरच्या गणपतीला निघाले. गाडी सदाशिवरावच चालवत होते. सेलू मागे पडलं तसा त्यांनी हट्टानं आवाज वाढवला. थोडं पुढे गेल्यावर त्यांना वास आला. मोटर जळताना येतो तसा; तो ते कुठेही ओळखत. त्यांनी गाडी कडेला घेतली, चावी बंद केली. टेपाच्या मागून धुराची रेघ वर येत होती.

"उतरा सगळे!"

स्वप्निलनं बोनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज उपटला. धूर विरला. जरा वेळानं त्यानं टेप बाहेर ओढला, तर टेपापासून डिक्कीतल्या ॲम्प्लिफायरकडे जाणारी बारकी वायर वितळून चिकटली होती.

"डिक्कीतली परतीची वायर पत्र्याले नीट बसलीच नव्हती. करंटले परत जायले रस्ता नाई भेटला, म्हनून तो या बारक्या वायरीतून घुसला."

सदाशिवरावांना पुढचं ऐकायची गरज नव्हती. करंटला वाट द्या, नाहीतर तो आपली वाट काढतो, हे त्यांनीच शेतकऱ्यांना सांगून सांगून घसा कोरडा केला होता. गाडीत बायको होती, सून होती. ते बांधावर बसले.

"थे शिट्टी याचीच होती का?"

"हो, बाबा."

"मले खरंच नाई आली रे ऐकू."

मग दीपालीनं मोबाइलवर शिट्टीसारखा एक बारीक आवाज लावून त्यांच्या कानाशी धरला. "हा येते?"

"नाई."

तिनं त्याची पट्टी खाली आणत आणत नेली. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हा आला."

दर्शन झालं, गाणी न लावता सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी सदाशिवराव स्वतः पॉलिशपेपर घेऊन डिक्कीत वाकले. आधी बॅटरीची वायर काढली, पत्र्याखाली पेट्रोलची टाकी येत नाही ना ते पाहिलं, आणि पत्रा चांदीसारखा चमकेपर्यंत रंग घासला. स्वप्निलनं वायरीच्या टोकाची कडी, लग, त्यावर ठेवून बोल्ट पक्का आवळला. मीटर लावून पाहिलं, तर जोडाचा अडथळा जवळजवळ शून्यावर आला. गंज धरू नये म्हणून जोडावर वरून रंगाचा हात फिरवला. वितळलेली वायर बदलली. बॅटरी परत जोडली, आणि दीपालीनं गाणं लावून ॲक्सिलरेटर दाबून पाहिला.

"शिट्टी गेली, बाबा."

तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. तो त्यांनी ठेवला.

आठवड्यानं ते सुलोचनाबाईंना घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात कान तपासायला गेले. तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरच्या पट्टीचे, बारीक आवाज ऐकू येणं बरंच कमी झालंय. कधीपासून कमी ऐकू येतं?"

"आत्ता आत्ताच," असं ते म्हणणार, तोच सुलोचनाबाई बोलल्या, "चार-पाच वर्षं झाली असतीन. पन मी जोरानंच बोलत होती ना, म्हनून यांच्या ध्यानात आलं नाई."

सदाशिवराव त्यांच्याकडे पाहत राहिले. वयानं बायको तापट झाली आहे, ओरडल्याशिवाय बोलतच नाही, असंच ते इतकी वर्षं समजत होते.

"सांगाचं नाई का मंग?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमी ऐकलं असतं का?" सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि कानाचं मशीन कोणतं घ्यायचं ते डॉक्टरीणबाईंना विचारू लागल्या.