चुकलेली रेस

"आणखी दोन टोले, मग चढव चाक," डेंटरताई टायरवाल्याला म्हणाली. मडगार्डच्या आत कोपरापर्यंत डावा हात घालून तिने लोखंडी ठोकळा पत्र्यामागे धरला आणि बाहेरून हातोडी हाणली. पत्रा किंचाळला. दुसऱ्या टोल्याला जागेवर आला.

सकाळच्या सरावात गाडी तिसऱ्या वळणावर भिंतीला धडकली होती. काच फुटली, दार आत गेलं, चालकाची हनुवटी फाटली. दिवसाला मोजून चार शब्द बोलायचा म्हणून त्या चालकाला सगळे घुम्या म्हणत. सात टाके घालून आलेला घुम्या आता खुर्चीवर बसून शांतपणे केळं खात होता. मोसमातली शेवटची रेस सुरू व्हायला पाऊण तास होता.

चौदाव्या वर्षापासून ताईने या ट्रॅकवरची एकही रेस चुकवली नव्हती. आता ती त्रेपन्न वर्षांची होती. तिचा बाप इथेच मेकॅनिक होता. घरी त्याचा पट्टा आईच्या पाठीवर चालायचा. भाजी खारट झाली की चालायचा, आळणी झाली तरी चालायचा. रविवारी तो दोघी मुलींना ट्रॅकवर आणायचा, आणि तेच हात कार्बोरेटरचा बारीक स्क्रू असा फिरवायचे, जणू तान्ह्या पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढताहेत. थोरलीला, म्हणजे ताईला, ते बघवायचं नाही. ती कठड्याशी जाऊन उभी राहायची. गाड्या अंगावर यायच्या, आता चिरडणार असं वाटायचं, आणि ऐन वेळी वळून जायच्या. एवढा वेग, एवढी आदळआपट, पण झेंडा दाखवला की सगळं थांबायचं. घरी झेंडा दाखवणारं कुणी नव्हतं. ती त्या कठड्याला चिकटली ती चिकटलीच. धाकटी मात्र कानात कापसाचे बोळे घालून सिनेमाची मासिकं चाळत बसायची. पुढे तिने लग्नही नटाशीच केलं.

नट म्हणजे काही नायक नव्हे. गरीब शाळामास्तर, प्रेमळ बाप, सोसणारा थोरला भाऊ, ही त्याची कामं. लोक त्याला रस्त्यात अडवून गळ्यात पडून रडत. नऊ वर्षं त्याचं नाव बक्षिसांच्या यादीत यायचं आणि नऊ वर्षं बक्षीस दुसऱ्यालाच जायचं. सोहळा नेमका शेवटच्या रेसच्या रविवारी. धाकटी दरवर्षी फोन करायची, "ताई, या वेळी तरी ये गं. सोहळा बघू, मग आमच्याकडेच राहा."

ताई हसायची. "सजूनधजून एकमेकांच्या पाठी खाजवत बसायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या! त्यापेक्षा मला आमचा धूर बरा. इथे जो पहिला येतो तोच पहिला असतो, बाई."

आज सकाळीही फोन आला होता. गाडी तेव्हा भिंतीत होती. "आज नको, उद्या बोलू," म्हणून ताईने तो धाडकन बंद केला होता.

"ताई."

तिने मान वळवली. पिटच्या, त्या दुरुस्तीच्या शेडच्या, दारात धाकटी उभी होती. खड्यांनी मढवलेला मोतिया रंगाचा लांब झगा, त्याची किनार ग्रीसमध्ये लोळत होती. चेहऱ्यावर पावडरचा जाड थर.

"तू इथे? आज तुमचा सोहळा ना?"

"पडले गं. न्हाणीघरात."

ताईने हातातलं खाली ठेवलं, धाकटीची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला. तीस वर्षं ती पत्रे वाचत आली होती. गाडीवाला सांगायचा, खांब मध्येच आला. पत्रा सांगायचा, हाच उलटा जाऊन खांबावर बसला. धाकटीचं डावं गालफड सुजलं होतं. मार समोरून, उजव्या हाताचा. हाडावर बारीक चीर. जबड्याखाली बोटांचे चार ठसे, पण ते जुने, पिवळे पडलेले.

"न्हाणीघराच्या बोटात अंगठी असते का गं?"

धाकटी टायरच्या चळतीवर बसली. रडली नाही. "हरला की घरी येऊन मारतो. या वेळी आधीच मारलं. झगा नाही आवडला."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. एरवीही मारतो, पण त्या रात्री हमखास."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"बोलवत होते की." धाकटीने वर पाहिलं. "तू घरात असलीस की तो हात लावत नाही. म्हणून तर म्हणायचे, राहायलाच ये."

त्या नऊच्या नऊ रेसेस ताईला तोंडपाठ होत्या. कोण जिंकला, कुठल्या वळणावर कोण घसरला, कुणाचं इंजिन कितव्या फेरीला बसलं. रेस संपली की ती घरी जाऊन ढाराढूर झोपायची.

"अरे, हे तर आपले मास्तर!" टायरवाला आनंदाने ओरडला आणि खिशातून फोन काढू लागला.

काळा सूट, चापूनचोपून बसवलेले केस. नट सगळ्यांना नमस्कार करत आत आला. "ताई, माफ करा हं. हिला जरा बरं नाहीये. चल, उशीर होतोय. कॅमेरेवाल्यांना जोडी लागते."

"मेहुणे, ती कुठेही येणार नाही," ताई म्हणाली.

"मी येत नाही," धाकटीही म्हणाली.

तो हसतच होता. हसत हसत त्याने तिच्या मानेमागचे केस मुठीत धरले. समोरून बघणाऱ्याला वाटावं, नवरा मायेने मान कुरवाळतोय. टायरवाल्याने तेवढ्यात एक फोटोही काढला. मग नटाने हिसका दिला. धाकटीने गाडीचा आरसा पकडला, तो उपटून तिच्या हातात आला, आणि ती हत्यारांच्या पेटीवर तोंडावर आपटली. मोतिया झग्यावर रक्ताची धार लागली. ती हातांवर जोर देऊन उठू लागली तशी चकचकीत बुटाची लाथ तिच्या बरगडीत बसली. एकदा. मग पुन्हा. टायरवाल्याचा फोन धरलेला हात तसाच हवेत राहिला.

"उठ! दहा वर्षांतून एकदा माझा दिवस येतो आणि तू—" तो वाकला. तोल सावरायला त्याने उजवा हात बॉनेटवर टेकवला.

ताईची हातोडी त्या मनगटावर आली.

आयुष्यात तिने पत्र्यावरचे लाखभर टोले ऐकले होते. हा आवाज वेगळा होता, बुटका आणि ओला. नट ओरडला आणि मडगार्डला पाठ लावून खाली घसरला. ताईने त्याच्या छातीवर गुडघा दिला, डाव्या हाताने त्याची कॉलर पिरगाळली.

"मार आता! मार ना! कुठे गेला तुझा हात?"

"ताई, तुम्ही... ताई, पाया पडतो..." सिनेमातल्या मास्तराचाच आवाज होता तो, थरथरता, दीनवाणा. ताईने हातोडी डोक्यावर उचलली आणि हाणली.

"ताई!" धाकटीची किंकाळी आली. हातोडी त्याच्या कानाला चाटून मडगार्डमध्ये घुसली. पत्रा वीतभर आत गेला. ताईने ती उपसून पुन्हा उचलली. तेव्हा मागून कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं.

"पुरे, ताई," घुम्या म्हणाला.

तिचा हात थरथरत होता. भीतीने नाही, हे तिला कळत होतं. आईला मारून झाल्यावर बापाचा हात असाच थरथरायचा. तिने हातोडी सोडून दिली.

नट मनगट छातीशी धरून निघाला. "सोहळा होऊ दे, मग बघतो एकेकीला," एवढं बोलून तो गाडीत बसला. तोवर ट्रॅकच्या व्यवस्थापकाने पोलीस बोलावले होते. ताईला जीपमध्ये बसवलं आणि जीप फाटकाबाहेर पडते न पडते तोच मागे वीस इंजिनं एकदम गरजली. ताईने डोळे मिटले. आवाज लहान होत गेला आणि मग रस्त्यावरच्या हॉर्नांत बुडाला.

ठाण्यात फौजदाराने विचारलं, "फिर्यादी कुठाय?"

"बक्षीस घ्यायला गेलाय, साहेब," हवालदार म्हणाला.

त्याने ताईला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि भिंतीवरचा टीव्ही लावला. दिवे, झगे, टाळ्या. ताईने तिकडे पाठ केली.

संध्याकाळी धाकटी आली. झग्यावर घुम्याचं जाकीट, ओठाला टाके, एक हात बरगडीवर. ट्रॅकवरच्या डॉक्टरने तिला चार तास पडून राहायला सांगितलं होतं. ती थेट फौजदाराच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"माझा जबाब लिहून घ्या. मी कुठेही पडले नाही."

त्याच वेळी टीव्हीवर नटाचं नाव पुकारलं गेलं. पांढऱ्या झोळीत हात अडकवून तो मंचावर आला. चित्रीकरणात सहकाऱ्याला वाचवताना लागलं, म्हणाला. अख्खं सभागृह उभं राहिलं. हवालदाराने टीव्हीकडे पाहिलं, धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिला.

जबाब सहा पानं झाला. सही झाल्यावर फौजदार ताईला म्हणाला, "बाई, त्याचं हाड मोडलंय. तुमच्यावरही गुन्हा घ्यावा लागणार."

"घ्या ना. मीच मोडलंय."

धाकटी तिच्याशेजारी बाकावर येऊन टेकली.

"मी यायला हवं होतं गं," ताई म्हणाली. "निदान एक वर्ष तरी."

धाकटीने तिचा काळाकुट्ट हात आपल्या मांडीवर घेतला. "रेस बघितली मी. पहिल्यांदाच, कापूस न घालता. पडल्या पडल्या सगळी बघितली. कोण जिंकलं ते आधी सांगू?"

"नको. पहिल्यापासून सांग."

"बरं. सुटली तेव्हा आपली गाडी तिसरी होती. दार दोरीने बांधलेलं. मग ते वाकडं येतं ना, जिथे सगळे करकचून थांबतात, तिथे ती निळी गाडी आपल्या गाडीला घासली..." फुटक्या ओठातून तिचे शब्द घसरत होते. त्या वाकड्याला काय म्हणतात, ते ताईने सांगितलं नाही. टीव्हीवर पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हवालदार, तेवढा आवाज कमी करा," ताई म्हणाली. "रेस चाललीय."

हवालदाराने टीव्ही बंदच केला. धाकटीने जाकिटाच्या बाहीने ओठावरचं रक्त टिपलं आणि दुसरी फेरी सांगायला घेतली.