हजेरीतलं राहिलेलं नाव

त्या बुधवारी सकाळी धप्प आवाज आला नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

रात्रभर बर्फ पडला की उजाडल्यावर तासाभरात सोलर पॅनलवरचा बर्फ आपणहून घसरतो आणि मागच्या अंगणात धप्प करून पडतो. घराखाली झोपलेला वोम्बॅट, बिळात राहणारा तो गुबगुबीत प्राणी, दचकतो. मीही दचकते. इतके हिवाळे गेले, पण सवय काही होत नाही. त्या दिवशी मात्र आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले, नुसती शांतता. दचकायला काही मिळेना म्हणून मी जास्तच घाबरले.

घाबरट आहेच मी. काठी म्हटलं की लोकांना वाटतं, ही कुणाच्या तरी पाठीत बसणार. मी आजवर कुणाच्याही पाठीत बसलेली नाही. मी छपरावरचा बर्फ ओढायची काठी, तळ्याकाठच्या या पत्र्याच्या घराच्या मागच्या पडवीत दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली. पाहाल तर आधी हसाल. अर्धं अंग वल्ह्याचं, मध्ये ॲल्युमिनियमची नळी, डोक्याला आडवी फळी आणि फळीला फाटक्या बुटांचं रबर गुंडाळलेलं.

जन्मले तेव्हा मी वल्हं होते. क्लॅरी पायबस नावाच्या माणसाने इथल्याच पाइनच्या लाकडातून आम्हा दोघी जुळ्यांना तासून काढलं. आमचं काम त्याला ट्राउट माशांपर्यंत नेऊन सोडायचं. एका वाऱ्याच्या दिवशी मोठा मासा गळाला लागला, क्लॅरी उभा राहिला आणि त्याच्या हातून माझी बहीण सुटली. मासाही गेला, तीही गेली. एका वल्ह्याने नाव गोल गोल फिरते. आम्ही तीन तास फिरलो. घरी येऊन क्लॅरीने बायकोला, एल्व्हाला, माशाची लांबी दोन्ही हात पसरून दाखवली. बहिणीचं नाव काढलं नाही.

मग नावेला मोटर आली आणि मी अडगळीत गेले. कधी कपड्यांच्या दोरीला आधार दिला, कधी धुराड्यात अडकलेल्या पोसमला, त्या मांजराएवढ्या झाडावरच्या प्राण्याला, बाहेर काढलं. नाताळात पोरांनी मला जमिनीत रोवून स्टंप केलं. माणसं वस्तू टाकून देत नाहीत, विसरतात. टाकलेलं निदान कळतं तरी.

पुढे छपरावर सोलर आलं. पहिल्या हिवाळ्यात क्लॅरी लोखंडी फावडं घेऊन पॅनलवरचा बर्फ खरवडायला गेला आणि काचेवर हातभर लांब ओरखडा काढून बसला. एल्व्हा खाली उभी होती. "फावडं चुकीच्या जागी मारलंस," ती म्हणाली, "तुझ्या टाळक्यात मारायला हवं होतं." त्याच संध्याकाळी क्लॅरीने मला खाली उतरवलं, नळी जोडून माझी उंची वाढवली आणि त्याच्या फाटक्या मासेमारीच्या बुटांचं रबर डोक्याला बांधलं. उतारवयात उंच झालेली मी एकटीच असेन.

क्लॅरी गेल्यावर मी एल्व्हाच्या हातात आले. तिची पद्धत ठरलेली. खाली उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. खालच्या कडेपासून ओढायचं. काचेला टेकायचं नाही, बोटभर बर्फ राहू द्यायचा. "तेवढा सूर्याचा वाटा," ती म्हणायची. खालची काळी पट्टी उघडी पडली की काच तापते आणि वरचा सगळा थर आपसूक निसटतो. तो निसटला की एल्व्हा मला भिंतीला टेकवून अशी काही हसायची, की जणू सूर्याला तिनेच झोपेतून उठवलंय.

वीज तिला दिव्यासाठी कमी आणि रेडिओसाठी जास्त लागायची. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, तसला रेडिओ. इकडे मोबाइल लागत नाही. म्हणून हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला एल्व्हा तळ्याभोवतीच्या अकरा घरांची हजेरी घेते. नाव पुकारायचं, त्या घराने 'हजर' म्हणायचं. जो बोलणार नाही, त्याच्याकडे शेजारच्या घराने लगेच जाऊन यायचं. तीस वर्षं हा नेम चुकलेला नाही. शेवटचं नाव हेक टॅटनेलचं. वय एक्याऐंशी, तळ्याचं पाणी जिथे आत घुसतं त्या खाडीपलीकडे एकटा राहतो.

"हेक, जिवंत आहेस का?"

"तुझी निराशा होणार, पण आहे."

"आज काय खाल्लंस?"

"तुझी आठवण काढून सूप केलं. करपलं."

असं रोज. पडवीच्या खिडकीतून मला सगळं ऐकू येतं.

यंदा जूनच्या सुरुवातीला, इथला हिवाळा लागता लागता, एल्व्हाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ती होबार्ट शहरातल्या हॉस्पिटलात गेली आणि तिच्या जागी नात आली. टॅम्सिन. कॉलेज नुकतंच संपलेलं, बापाने गाडीने आणून सोडलेली. पहिल्याच दिवशी पत्र्यावर फांदी पडली तेव्हा ती आणि मी एकाच क्षणी दचकलो. माझा एका खिळ्यावरून तोल गेला, तिच्या हातून कप गेला. मला फार बरं वाटलं. या घरात माझ्यासारखं कुणीतरी आलं होतं.

हजेरी घ्यायला बसली की तिचा आवाज आधी कुजबुजीएवढाच निघायचा. "हेक टॅटनेल... आजोबा... आहात का?"

"कोण बोलतंय? उंदीर अडकलाय का रेडिओत?"

"टॅम्सिन आहे. एल्व्हाची नात."

"मग तशी बोल ना पोरी. तुझी आजी बोलली की माझं कुत्रं उठून उभं राहतं."

हळूहळू ती खुलली. महिन्याभरात हेकला उलट बोलायला लागली. "आजोबा, काल खोकत होतात. औषध घेतलंत का?" "घेतलं." "कुठलं?" "बाटलीतलं." "कुठल्या बाटलीतलं?" यावर अकराही घरांतून हसू यायचं, आणि टॅम्सिनच्या चेहऱ्यावर असं ऊन पडायचं की मला छपराची आठवण व्हायची.

पण एक घोळ तिने सुरुवातीलाच करून ठेवला होता. जूनच्या लांब सुट्टीत इथली माणसं घरोघर जाऊन एकमेकांची पॅनल हिवाळ्यासाठी अधिक उभी करतात, म्हणजे बर्फ वर टिकत नाही. पॅनलच्या पायांच्या पट्टीला दोन भोकं असतात, एक उन्हाळ्याचं, एक हिवाळ्याचं. उन्हाळ्याच्या भोकातून बोल्ट काढून हिवाळ्याच्या भोकात घालायचा, मग ज्याचं छप्पर त्याच्याकडे सूप प्यायचं. सातजण आमच्याही फाटकाशी आले. पुढे मर्ना, आमच्या सगळ्यात जवळची शेजारीण, हातात पाना.

टॅम्सिन दाराच्या फटीतून म्हणाली, "झालंय. आजीने जायच्या आधीच केलंय."

"कधी केलं? गुडघा धरून चढली होय ती?" मर्ना म्हणाली.

"झालंय, खरंच झालंय."

ती खोटं बोलत नव्हती. तिने वर पाहिलं होतं आणि पॅनल तिला तिरकी दिसली होती. तिरकी तर ती उन्हाळ्यातही असतात. पण सात अनोळखी माणसं, त्यांना पुरेल एवढं सूप आणि वर त्यांच्याशी गप्पा, या विचारानेच तिने दाराची फट आणखी लहान केली होती. सातजण पुढच्या घराकडे गेले. मी खिळ्यांवर लटकून सगळं बघत होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. म्हणजे, पुटपुटले असते.

म्हणून त्या बुधवारी, यंदाचा पहिला मोठा बर्फ पडल्यावर, धप्प झालं नाही. उतारच कमी, बर्फ घसरेल कसा? तो वर साचत राहिला, विजार वाळत घालावी तसा छपराच्या कडेवरून लोंबायला लागला. बॅटरीच्या पेटीवरचा हिरवा दिवा दुपारी पिवळा झाला. टॅम्सिनने फ्रिज बंद केला, दूध बाहेर बर्फात नेऊन खुपसलं. शेगडी लाकडावर चालते, त्यामुळे थंडीची चिंता नव्हती. जनरेटर सुरू करायची दोरी मे महिन्यात तुटली होती आणि तो दुरुस्तीला गेला होता.

गुरुवारीही बर्फ पडतच राहिला. पाच वाजता दिवा लाल होता. टॅम्सिन भरभर नावं घेत गेली. सात, आठ, नऊ.

"मर्ना?"

"हजर. टॅम्सिन, तुझा आवाज बारीक येतोय गं, तुझ्याकडे सगळं..."

आणि रेडिओ गेला. एकच नाव राहिलं होतं. हेकचं. आदल्या दिवशी त्याचा खोकला इतका वाढला होता की 'हजर' म्हणायला त्याला तीनदा थांबावं लागलं होतं.

टॅम्सिनने बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिला काय वाटत होतं ते मला नीट कळत होतं. तीस वर्षांत हेकचं नाव पुकारायचं राहिलं नव्हतं, ते तिच्या हातून राहिलं. तो बोलला नसता तर कुणीतरी धावलं असतं. आता तो बोलला की नाही, हेच तिला माहीत नव्हतं.

आज शुक्रवारी उजाडलं तेव्हा आकाश स्वच्छ होतं आणि तळं आरशासारखं. टॅम्सिन आधी खाडीकडे पायी निघाली. फाटकापर्यंत गेली आणि कमरेपर्यंत रुतली. कशीबशी परत आली, घरात गेली आणि उकळती किटली घेऊन मागच्या अंगणात आली. गरम पाणी वर फेकायचा विचार होता. गार काचेवर उकळतं पाणी पडलं की ती कशी तडकते ते मी शेजारच्या छपरावर पाहिलेलं आहे. माझं रबरसुद्धा आकसलं. पण किटली वर फेकण्याइतका तिचा हात उंच जाईना. ती थांबली, पडवीकडे वळली, आणि तिची नजर माझ्यावर पडली.

दोन हातांनी तिने मला उचललं, वल्हं धरावं तसं. माझी नळी किरकिरली. दोन घाबरट एकत्र आल्यावर जरा बरं वाटलं.

पहिल्यांदा ती नेमकी खाली उभी राहिली. वरच्या कडेला मला खुपसलं, ओढलं, आणि अर्धं छप्पर तिच्या डोक्यावर आलं. बर्फाच्या ढिगातून नुसती लोकरीची टोपी दिसत होती. मग ढिगातून शिंक आली, आणि शिंकेमागोमाग हसू. मला वाटलं होतं रडेल.

"आजी म्हणायची बाजूला उभी राहा," ती मला म्हणाली. चक्क मला. "का म्हणायची ते आज कळलं."

मग ती बाजूला सरकली. खालच्या कडेपासून सुरुवात केली. काचेला टेकू न देता, बोटभर सोडून, अगदी हळू. बर्फ ओढायचा, दम खायचा, पुन्हा ओढायचा. रबराखाली मला काचेचा गारवा जाणवत होता. हळूहळू काळी पट्टी उघडी पडली, वीतभर, मग दोन वीत. ऊन तिच्यावर येऊन बसलं. टॅम्सिन मला धरून उभी राहिली. तिचा श्वास आणि वरून गळणारे थेंब, एवढंच ऐकू येत होतं.

धप्प.

सहाच्या सहा पॅनलवरचा उरलेला बर्फ एकदम आला. वोम्बॅट घराखालून चालता झाला. मी दचकले. टॅम्सिन दचकली नाही. दोन्ही हात वर करून ती त्या ढिगाभोवती नाचली, आणि मी तिच्या हातात असल्यामुळे मलाही नाचावं लागलं. वल्हं होते तेव्हाही मी इतकी गोल फिरले नव्हते. अहो, त्या तीन तासांतही नाही.

आता बारा वाजलेत. तिने मला पडवीत खिडकीला टेकवून ठेवलंय. डोक्यावरून पाणी गळतंय, रबराची एक बाजू सुटलीय, नळी जरा वाकलीय. कुणी खिळा ठोकून दिला तर अजून दहा हिवाळे जातील. नाही दिला तरी माझी तक्रार नाही. लाल दिवा मिनिटापूर्वी पिवळा झाला, आणि टॅम्सिन रेडिओपुढे बसली.

"हेक आजोबा?"

नुसती खरखर.

"हेक टॅटनेल, टॅम्सिन बोलतेय. आहात का?"

खरखर.

"मर्ना? मर्ना, कुणीतरी खाडीपलीकडे जाऊन या."

मर्नाही बोलेना. टॅम्सिनने पहिल्या नावापासून सुरुवात केली. अकराच्या अकरा नावं, एकेक करून, खणखणीत आवाजात. असा आवाज तिच्यात आहे हे तिलाही माहीत नसावं. एकाही घरातून उत्तर नाही. तिने बटण सोडलं, डोळे मिटले, आणि पुन्हा दाबलं.

"हेक टॅटनेल. मी उत्तर येईपर्यंत पुकारत राहणार आहे. हेक टॅटनेल."

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. माझी गोष्ट इथवर ऐकलीत, आता क्षणभर गप्प राहा. मला ऐकायचंय.

खरखर थांबली. कुणीतरी घसा साफ केला, बराच वेळ, व्यवस्थित.

"आहे, आहे, इथेच आहे," हेक म्हणाला. "माणसाने संडासलाही जायचं नाही का? बाकीचे सगळे सकाळपासून रस्ता खणत तुझ्याच घराकडे येतायत. आधी त्यांच्यासाठी चहा टाक, मग माझी हजेरी लाव."