दोरा बांधलेलं पान

सुभद्रेने कोयती चालवली, पान हातात आलं आणि मग तिला तो लाल दोरा दिसला.

उद्या नागपंचमी. उद्या काही कापायचं नाही, म्हणून पातोळे गुंडाळून वाफवायला लागणारी हळदीची पानं ती आजच काढत होती. फणसाच्या सावलीतलं हे पान कडेने दुमडून त्याची सुरळी झालेली, वरून दोरा, आतून पांढरी भुकटी सांडलेली. घरात लेकीला, सत्यवतीला, आठवा महिना. आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. कुणी मेल्याने करणी केली!

"आये, दोऱ्याच्या पानाक हात लाव नको गो!" सत्यवती दारातून ओरडली. "मास्तरांनी बांदल्यानी, खुणेक."

सुभद्रेने पान झटकन पदराआड घेतलं.

"कित्याची खूण?"

पडवीत भाड्याने राहणाऱ्या जयराम मास्तरांनी महिन्यापूर्वी सत्यवतीला त्या पानावरचं मोहरीएवढं अंडं दाखवलं होतं. त्यातून हिरवी अळी निघाली. पान खाऊन वाढली, आपल्याच धाग्याने पानाची कड शिवून आत राहिली. आता तिचा पांढऱ्या भुकटीने माखलेला कोष झाला होता. मास्तर बांद्याला गेले, तरी सत्यवती अवघडल्या अंगाने रोज वाकून बघायची.

"आज-उद्या पाखरू भायर येतलां," ती म्हणाली. "ह्यां धड इलां, तर माजांय..."

तिचा हात पोटावर गेला.

ती आत गेल्यावर सुभद्रेने पान पुन्हा देठाशी बांधलं. पण जीव थाऱ्यावर कुठला! संध्याकाळपर्यंत परसात तिच्या दहा खेपा झाल्या.

सकाळी पातोळे वाफेला ठेवून ती धावली. पान मलूल होऊन जमिनीला टेकलेलं. त्यावर मुंग्यांची रांग. सुरळी उलगडली तर कोष आतून पोखरलेला. तिने तो मुठीत लपवला. कोयतीचा, स्वतःचा राग आला; तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आये, इलां?" मागून कमरेवर हात धरून सत्यवती येत होती.

एरवी खोटं बोलताना सुभद्रेची जीभ अडखळे. आज ती सरळ चालली.

"उडान गेलां. माज्या डोळ्यांदेखत."

"रंग कसो होतो?"

"हळदीसारको. पिवळो."

सत्यवतीने जमिनीला टेकलेल्या पानाकडे पाहिलं.

"मास्तर म्हणी, तपकिरी आसता. पांढऱ्या ठिपक्यांचां."

सुभद्रेची मान वर होईना. सत्यवतीने आईची ती मूठ दोन्ही हातांत घेतली. उघडली नाही.

"पिवळांच आसतलां," ती म्हणाली. "चल, पातोळे वाड. माका भूक लागली."