खात्री नसेल तेव्हाचं रूप

प्लंबरला कधी किळस अशी आलीच नव्हती. चौतीस वर्षं त्याने लोकांच्या मोऱ्यांतून आणि संडासाच्या पाइपांतून जे जे बाहेर ओढलं, ते नुसतं सांगितलं तरी ऐकणाऱ्याला घास गिळवणार नाही. केसांचे बुचके, साबणाचा लगदा, फुगलेला उंदीर, एकदा तर कुणाची तरी कवळी. तो हात धुवायचा आणि डबा उघडायचा. बायको म्हणायची, "तुमच्या नाकाला देवानं कुलूप घालून पाठवलंय."

बायको गेली आणि कुलूप निघालं. आता त्याला सगळ्याची शिसारी यायची. भेटायला येणाऱ्यांची तर फारच. शेजारचे गृहस्थ चहात बिस्किट बुडवून म्हणाले, "गेली हो, सोन्यासारखी बाई गेली!" तेवढ्यात बिस्किट मोडून कपात पडलं, ते त्यांनी बोटाने शोधून काढलं आणि चाटून खाल्लं. प्लंबरला उठून बेसिनपाशी जावं लागलं. येणारा प्रत्येक जण त्याला त्याच्याच घरातली बातमी नव्याने सांगायचा आणि वर उत्तराची वाट बघत बसायचा.

आणि मग विहीणबाईंचं पत्र आलं. मुलगा परदेशात होता, त्याची बायको तिकडचीच, स्पॅनिश बोलणारी. चार वर्षांची नात तीच भाषा बोलायची, मराठी दोन-चार शब्दांपुरती. "नातीसमोर काय नुसते हात हलवत बसायचं?" असं म्हणून बायकोने दर शनिवारी सकाळी स्पॅनिशच्या वर्गाला जायला सुरुवात केली होती. आठ शनिवार झाले, आणि नवव्याच्या आत तिचं हृदय थांबलं. पुढची तुकडी सुरू झाली तेव्हा तिची वही घेऊन प्लंबर तिच्या जागी जाऊन बसला.

पत्र पोस्टाने हिंडत हिंडत आलं होतं. त्याने डिक्शनरी आणि बायकोची वही शेजारी ठेवून ते एकेक शब्द सोडवलं. शेवटी एक प्रश्न होता: नातीला घेऊन आम्ही तुमच्याकडे यावं, अशी तुमची इच्छा आहे का? तुम्ही स्वतः कळवा, दुःखाच्या घरात न विचारता यायचं नाही. पण प्लंबर अडकला तो पहिल्याच ओळीत. सिएंतो मूचो के सू एस्पोसा आया मुएर्तो. तुमच्या पत्नी वारल्या याचं फार वाईट वाटतं, असं असायला हवं होतं. वारली म्हणजे 'आ मुएर्तो', हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इथे मात्र 'आया' लिहिलं होतं. बायकोच्या वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर तिच्या अक्षरात 'आया'पुढे होतं, 'हे रूप = खात्री नसेल तेव्हा.'

म्हणजे विहीणबाई लिहीत होत्या, तुमची बायको मेली असावी, याचं वाईट वाटतं. असावी!

त्याने पत्र घडी करून खिशात घातलं आणि तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मुलाचे फोन येत राहिले. आज सकाळीही आला.

"बाबा, त्या रोज विचारतायत. यायचं की नाही?"

"कामं आहेत मला."

"एका ओळीचं उत्तर द्यायला कामं आड येतात? मला आज रजेचा अर्ज द्यायचाय. तुम्ही नको म्हणालात तर वर्षभर जमणार नाही, सांगून ठेवतो. पोरगी रोज बॅग भरून दारात बसते."

"बघतो," म्हणून प्लंबरने फोन ठेवला होता आणि वर्गाला निघून आला होता.

वर्ग भरायचा दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. खालून औषधाचा आणि जळक्या दाताचा वास जिन्याने वर यायचा. शेजारच्या खुर्चीवर विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसायचे. बाईंचा शेवटचा शब्द ते मोठ्याने परत म्हणायचे, म्हणून सगळा वर्ग त्यांना पोपट म्हणायचा, तोंडावरसुद्धा. पोपटराव बडीशेप चघळायचे आणि प्रत्येक शब्दाबरोबर तिचा एक कण पुढच्याच्या मानेवर जाऊन बसायचा.

"आज भावना," बाई म्हणाल्या. "आनंद, राग, वाईट वाटणं, किळस. यांच्या मागून 'के', म्हणजे आपला 'की', आला की पुढचं क्रियापद बदलतं. मागच्या वेळी शिकलो तेच रूप."

"तेच रूप," पोपटराव म्हणाले. "सांगतो मी. मे दा आस्को के... मला किळस येते की मोरी तुंबली आहे! खास आमच्या नळवाल्यांसाठी."

वर्ग हसला.

"मोरीला कसली किळस?" प्लंबर म्हणाला. "तुंबवणार तुम्ही, काढणार मी, आणि नाक तुम्ही मुरडणार!"

"चिडता काय, वाक्य आहे ते."

"बरं, काका, आता तुमचं," बाई म्हणाल्या. "किळसच घ्या."

प्लंबर उभा राहिला. बसून बोलला असता तरी चाललं असतं.

"मे दा आस्को के मी मुहेर आ मुएर्तो."

माझी बायको मेली आहे, याची मला किळस येते. बाईंनी खडू खाली ठेवला. पण मास्तरकीची सवय जात नाही, त्यांच्या तोंडून हळूच निघालंच, "आया, काका. आया मुएर्तो."

"आया, आया," पोपटराव म्हणाले.

"आया असतील तुमच्या घरी ढीगभर!" प्लंबर कडाडला. "माझ्या मुलाची एकच होती, ती मेली! तिचा जबडा मिटलाय मी या हातांनी. आणि मी म्हणू, मेली असावी? कसली घाणेरडी भाषा आहे हो ही! माणूस सरणावर गेलं तरी यांची खात्री पटत नाही?"

पोपटरावांनी बडीशेप गिळून टाकली. प्लंबरने खिशातून पत्र काढून बाईंपुढे आपटलं. "हे बघा. विहीण आहे माझी. शिकलेली बाई, आणि लिहिते काय!"

बाईंनी पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

"कधी आलं हे?"

"तीन आठवडे झाले."

"उत्तर?"

"असल्या बाईला उत्तर?"

"बसा, काका." त्या स्वतःच समोरच्या बाकावर टेकल्या. "'आ मुएर्तो' म्हणजे ती वारली, ही बातमी झाली. मी देते, तुम्ही ऐका. आता मला सांगा, तुमची बायको वारली ही बातमी तुम्हाला कुणी द्यायला हवीय का?"

प्लंबर खाली बसला.

"विहीणबाईंना बातमी द्यायचीच नाहीये. तुम्हाला माहीत, त्यांना माहीत. त्या स्वतःला काय वाटलं तेवढंच सांगतायत. खात्री नसेल तेव्हा हे रूप येतं, खरंय, पण भावनेच्या मागूनही तेच येतं. आपण नाही का म्हणत, तिनं असं अचानक जावं याचं वाईट वाटतं? जावं! म्हणजे ती गेली नाही का? गेलीच ना?"

प्लंबरचे कान तापले. बायको गेली त्या दिवशी इस्पितळातून परत आल्यावर दाराची कडी न लावताच तो मुलाला फोनवर ओरडून म्हणाला होता, "मला न सांगता जावं हिनं!" तेव्हा त्याला कुठे शंका होती?

"तिच्या वहीत हे नाही," तो म्हणाला.

"नसणारच. हा धडा नवव्या शनिवारचा."

वर्गातल्या सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. आणि आता त्याला किळस आली ती स्वतःची. गटारातून काढलेल्या कशाचीच आली नव्हती तशी. जी एक बाई 'मेली, मेली'चा नगारा न वाजवता त्याच्याशी बोलली होती, तिला त्याने तीन आठवडे दारात उभं ठेवलं होतं. वहीतली अर्धी ओळ वाचून! डोक्यात खोबरं भरलेला माणूस. बॅग भरून दारात बसलेली पोर त्याच्या डोळ्यांसमोर आली.

तो पत्र उचलून बाहेर जिन्यात आला. औषधाचा वास इथे आणखी उग्र होता. त्याने मुलाच्या घरचा नंबर लावला. तिकडे किती वाजले असतील ते त्याने पाहिलं नाही.

फोन विहीणबाईंनीच उचलला. नातीला सांभाळायला त्या तिथेच राहत होत्या. प्लंबरने नाव सांगितलं नाही, नमस्कार केला नाही.

"किएरो के..." तो म्हणाला आणि अडखळला. मला हवंय की तुम्ही... येता? यावं? जीभ दातांत फिरली. "किएरो के वेंगान."

तुम्ही यावं असं वाटतं. पलीकडे श्वास ऐकू आला. मग त्यांनी सावकाश, त्याला कळेल असं विचारलं, "एस्ता सेगुरो?"

नक्की? शब्द त्याला येत होता. घरी सिंकमध्ये आठवड्याची भांडी होती. बाथरूमचा नळ गळत होता, दुसऱ्याचा असता तर त्याने दहा मिनिटांत नीट केला असता. माणूस समोर बसून जेवायला लागलं की त्याला ओकारी यायची. चार वर्षांचं पोर म्हणजे सांडणार, उष्टं करणार, नाक त्याच्याच शर्टाला पुसणार. आजी कुठेय विचारणार, आणि ते कुठल्या रूपात सांगायचं हे अजून शिकायचं होतं.

"नो," तो म्हणाला. "पेरो वेंगान."

नाही. पण या.

विहीणबाई हसल्या की रडल्या ते नीट कळलं नाही. मग त्या भराभर काहीबाही विचारू लागल्या, आता सावकाश बोलायचं भान राहिलं नव्हतं. प्लंबर जिन्याच्या पायरीवर टेकला आणि दहातला एक शब्द कळत असताना प्रत्येकाला मराठीतच "हो, हो" म्हणत राहिला.