सोळाच्या पुढं अठरा

चांगुणाबाई रजेवरून शाळेत परत आली तेव्हा पहिलीचा वर्ग तिच्याकडून काढून घेतलेला होता. तसं कुणी उघड बोललं नाही. सोमवारी प्रार्थना झाली, पोरं आत गेली, आणि हौसराव गुरुजींनी खडूचा डबा तिच्या हातात दिला.

"बाई, आजपासून तिसरी-चौथी तुम्ही बघा. धाकटे दोन्ही वर्ग माझ्याकडं राहू द्या."

"बरं," ती म्हणाली.

का, हे तिनं विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

राहू गावाच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला ही वाडी. शाळा दोन खोल्यांची, पुढं पत्र्याचा व्हरांडा, चार वर्ग आणि शिक्षक दोन. हौसराव गुरुजी हेडमास्तर, चांगुणा त्यांच्या हाताखाली. तिचा नवरा जयसिंग रेल्वेत गँगमन होता, रोज सायकलनं केडगावला जायचा. बौद्धवस्तीत त्यांचं दोन खणांचं घर. एकच मुलगी, यशोधरा, पण तिला सगळे येसूच म्हणत. शाळेत नाव घालण्याइतकं तिचं वय नव्हतं. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून चांगुणा तिला रोज बरोबर आणायची आणि पहिलीच्या पोरांत बसवायची. पोळ्याच्या सुमारास येसूला ताप भरला, घसा सुजला. बैलगाडी, मग रेल्वे करत दौंडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, घटसर्प. फार उशिरा कळतो तो. दुसऱ्या दिवशी सकाळी येसू गेली.

त्यानंतर लोक येऊन बसून गेले. बागायतदाराची अनसाबाई दोन वेळा भाकरी-कालवण घेऊन आली. एरवी ती बौद्धवस्तीत कधी आलीच, तर उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलायची. त्या दिवशी ती सरळ चुलीपर्यंत आत आली आणि चांगुणाच्या पाठीवर हात ठेवून बसली. चांगुणानं ते बघितलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला त्याचं नवल वाटलं असतं. त्या दिवशी काहीच वाटलं नाही. पाठीवर हात आहे एवढं कळलं, इतकंच.

शाळेतही तसंच झालं. सोमवारी तिनं तिसरीचे पाढे घेतले. मंगळवारी शुद्धलेखन घातलं, चौथीच्या पाट्या तपासल्या, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. हात आपोआप चालत होता. बुधवारी बाजार, त्यामुळं निम्मी पोरं आईबापांबरोबर गेलेली. उरलेल्यांना तिनं नकाशावर नद्या दाखवल्या. भीमा कुठून निघते, मुळा-मुठा तिला कुठं मिळते. पोरांनी बोट ठेवून दाखवलं. पोरं वागायलाही फार जपून वागत होती. कुणी दंगा करत नव्हतं, कुणी तक्रार घेऊन येत नव्हतं. घरून सगळ्यांना बजावलेलं होतं, बाईंपुढं येसूचं नाव काढायचं न्हाई.

दुपारी पोरांच्या खाण्याच्या सुकडीचं पातेलं चुलीवरून उतरवताना तिनं तापलेल्या काठाला हात लावला. पोरांना वाटून झालं, शाळा सुटली, घरी जाऊन तिनं भांडी घासली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की दोन बोटांवर टरारून फोड आलेत. ती फोडांकडं बघत राहिली. दुखायला हवं होतं.

गुरुवारी हौसराव गुरुजींना मीटिंगसाठी दौंडला जायचं होतं. त्यांनी आदल्या दिवशीपासून घोळ घातला होता.

"बाई, शाळेला उद्या सुट्टी देऊ का? तुम्ही एकट्या."

"कशाला सुट्टी? बघते मी."

"चारी वर्ग पडतील अंगावर. धाकटी पोरंबी..."

"बघते, गुरुजी."

तिनं चारी वर्ग व्हरांड्यात घेतले. चौथीला गणितं घातली, तिसरीला धडा उतरवायला दिला, दुसरीला पाढे. पहिलीला अंक म्हणायला बसवलं. शाळेत हे रोजचंच होतं. शिक्षक दुसऱ्या वर्गात अडकला की पहिलीतलं एक पोर पुढं उभं राहायचं, त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. आज धुरपदा उठली. अंगापेक्षा मोठा झगा घातलेली, सहा वर्षांची पोर. हाताची घडी घालून तिनं सुरुवात केली.

"अकरा."

"अकरा," पोरं ओरडली.

चांगुणा चौथीतल्या म्हाळूच्या पाटीवर वाकली होती. त्याचा हातचा चुकला होता.

"पंधरा."

"पंधरा."

"सोळा."

"सोळा."

"अठरा."

"अठरा," सगळ्या पोरांनी एका सुरात म्हटलं. कुणी अडखळलं नाही.

चांगुणाचा हात पाटीवर थांबला. एकोणीस झालं, वीस झालं, पोरांनी पुन्हा अकरापासून धरलं. ती वाकलेलीच राहिली. पुन्हा सोळा आलं आणि पुन्हा त्याच्या पुढं अठरा.

येसू असंच म्हणायची. घरी जेवताना जयसिंग तिला मुद्दाम अंक म्हणायला लावायचा आणि म्हणायचा, "अगं, सतरा कुठं गेलं?" ती म्हणायची, "गावाला गेलं." रोज तेच, आणि रोज दोघं हसायची. चांगुणा शिक्षक होती, तिनं दुरुस्त करायला हवं होतं. पण पोरगी लहान आहे, शाळेत नाव घातल्यावर बघू, असं ती म्हणायची. आणि ती दुसरीला शिकवत असायची तेव्हा इकडं पहिलीपुढं उभी राहायची ती येसूच. बाईंची पोर, आवाज खणखणीत, कुणाला न भिणारी. वर्षाच्या सुरुवातीला अंक शिकायला बसलेली पोरं तिच्या मागून म्हणायची. तिनं जसं सांगितलं तसं ती शिकली.

चांगुणानं मान वर केली. चौथीची सगळी पोरं तिच्याकडं बघत होती. तिनं बघताच त्यांनी पटकन पाट्यांत डोकी घातली. त्यांना ठाऊक होतं. चौथीतल्या पोराला सतरा कळत नाही असं थोडंच असतं.

"धुरपदा," तिनं हाक मारली, "सोळानंतर काय गं?"

"अठरा, बाई."

"सतरा कुठं आहे?"

धुरपदानं जरा विचार केला. "सतरा नस्तंय मदी. येसूनं तसंच शिकवलंय."

म्हाळू उठला आणि त्यानं तिची वेणी ओढली. "गप ए," तो दबक्या आवाजात म्हणाला. धुरपदा रडायला लागली. तिनं काय चूक केली हे तिला कळत नव्हतं.

"म्हाळू, खाली बस," चांगुणा म्हणाली. "तिला हात लावू नको."

मग तिनं सगळ्यांना झाडाखाली खेळायला सोडलं. त्या दिवशी तिनं चूक दुरुस्त केली नाही. शाळा सुटेपर्यंत ती खुर्चीत बसून होती. आपल्याला आता काहीतरी होईल, रडू फुटेल, असं तिला वाटत होतं. काही झालं नाही. छातीत ओल्या मातीचा गोळा ठेवल्यासारखं जड होतं, पण ते तर रोजच होतं.

घरी जयसिंग आला, जेवला, सायकलची चेन बसवत अंगणात बसला. तिनं त्याला काही सांगितलं नाही. मात्र पोरं पुढच्या वर्षी दुसरीत जातील, बेरजा येतील, प्रत्येक उत्तर चुकेल, हातावर छड्या बसतील, एवढं तिला दिसत होतं. त्यात मनाला काही वाटण्याचा प्रश्न नव्हता. तो नुसता हिशेब होता.

शुक्रवारी सकाळी तिनं गुरुजींना गाठलं.

"आज पहिली मला द्या."

हौसराव गुरुजी टोपी सारखी करत राहिले. "पुढच्या आठवड्यात घ्या की, बाई. घाई काय हाय?"

"आजच द्या."

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग छडी उचलली आणि मोठ्या पोरांच्या खोलीत गेले.

तिनं घरून चिंचोके आणले होते. पोरांना गोल बसवलं आणि प्रत्येकापुढं मूठमूठ चिंचोके ठेवले. आधी दहाची रास करायला लावली. मग त्या राशीशेजारी एकेक ठेवायचा. दहा आन् एक अकरा. दहा आन् दोन बारा. पोरं रमली. दहा आन् सहा, सोळा. तिथं ती थांबली.

"आता आणखी एक ठेवा. किती झाले?"

"अठरा," सगळी म्हणाली.

"दहाच्या शेजारी किती आहेत मोजा."

धुरपदानं बोटानं मोजले. "सात."

"दहा आणि सात. सोळाच्या पुढं आणि अठराच्या अलीकडं. त्याला सतरा म्हणायचं."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. धुरपदानं आपले चिंचोके पुन्हा मोजले, अगदी सावकाश, आणि त्या सातव्या चिंचोक्यावर बोट तसंच ठेवून तिनं विचारलं, "म्हंजी येसूचं चुकलं व्हतं?"

बाकीच्या पोरांनी माना खाली घातल्या. घरचं बजावणं त्यांना आठवलं असणार.

"हो. चुकलं होतं," चांगुणा म्हणाली. "लहान होती ती."

'होती' हा शब्द तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला होता. पोरांनी तो ऐकला आणि सोडून दिला, जसा कुठलाही शब्द सोडून देतात.

"तुम्ही मारलं न्हाई तिला?" धुरपदानं विचारलं.

"नाही."

"का?"

"आम्हाला हसू यायचं."

हे धुरपदाला पटलं. तिनं मान डोलावली. मग कुणीतरी सांगितलं की येसू पाटीवरची पेन्सिल खायची. दुसऱ्यानं सांगितलं, बाई पाठमोऱ्या झाल्या की ती उभी राहून बाईंसारखी चालून दाखवायची, पदर खोचल्यासारखा करून. तिसरं म्हणालं, तिनं मला एकदा चावलं होतं. बांध फुटावा तशी पोरं बोलत सुटली. चांगुणाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. आणि पोरांचं बोलून झाल्यावर तिनं फळ्यावर एक आणि सात लिहिलं आणि दिवसभर त्यांच्याकडून तेच घोटून घेतलं. जुनं सहजी सुटत नव्हतं. तोंडात बसलेलं होतं. सोळा म्हटलं की जीभ आपोआप अठरावर उडी मारायची. चांगुणा त्यांना पुन्हा सोळावर आणायची. शाळा सुटायच्या वेळेला बहुतेक पोरांना जमलं.

शनिवारी सकाळची शाळा. मोठ्या पोरींनी शेणानं वर्ग सारवले, पोरांनी अंगण झाडलं, आणि मग नेहमीप्रमाणे व्हरांड्यात बालसभा भरली. चौथीनं कविता म्हटली, तिसरीनं पाढे. पहिलीची पाळी आल्यावर धुरपदा पुढं आली. सोळा झाल्यावर ती क्षणभर थांबली, चांगुणाकडं बघितलं, आणि म्हणाली, "सतरा." मागून सगळी पोरं ओरडली, "सतरा."

हौसराव गुरुजी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

पोरं घरी गेल्यावर कुलूप लावताना चांगुणानं विचारलं, "गुरुजी, मी रजेवर असताना तुमच्या कानावर आलं नव्हतं?"

"आलं व्हतं की," ते म्हणाले. "रोजच यायचं."

"मग?"

गुरुजी कडक माणूस. एका काना-मात्रेसाठी पोरांना अंगठे धरून उभं करणारा. ते कुलपाची किल्ली हातात फिरवत राहिले.

"दोनदा उठलो दुरुस्त करायला. दारापर्यंत गेलो. आन् माघारी आलो. म्हटलं, ऱ्हाऊ द्या. तेवढंच ऱ्हायलंय तिचं वर्गात."

"पोरं तशीच दुसरीत गेली असती."

"व्हय. गेली असती," ते म्हणाले. "चुकलंच माझं, बाई."

दोघं फाटकापर्यंत बरोबर आली आणि तिथून आपापल्या वाटेला लागली. कालव्याच्या कडेनं चालताना तिला बोटं ठणकत असल्याचं जाणवलं. फोड फुटून चिघळले होते. तिनं बोटं तोंडात धरली आणि घरी येईपर्यंत तशीच धरून चालली.

जयसिंगला त्या दिवशी दुपारीच सुट्टी झाली होती. तो बाजेवर पडला होता. भाकरी थापता थापता तिनं सगळं सांगितलं. पोरं काय म्हणत होती, धुरपदानं काय विचारलं, पेन्सिल खाणं, बाईंसारखं चालून दाखवणं. शेवटी तो म्हणाला, "आता सगळी बराबर म्हणत्यात?"

"सगळी."

"एकाला तरी ठेवायचं व्हतंस तसंच."

"कसं ठेवणार? शाळा आहे ती."

"ते बी खरंच हाय." तो उठून बाहेर गेला. अंगणात पाठमोरा उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. चांगुणानं दारातून बघितलं. त्याच्याजवळ जावं असं तिला वाटलं, पण तव्यावर भाकरी होती. तिनं भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, मग तवा उतरवून ठेवला आणि बाहेर गेली. त्याच्या शेजारी नुसती उभी राहिली. तिला रडू आलं नाही. त्यानं तिचा हात धरला तेव्हा तो फोडांवरच धरला, आणि ती कळवळली. "काय झालं?" म्हणत त्यानं बोटं उजेडात धरून बघितली. मग आत जाऊन खोबरेल आणलं आणि तिच्या बोटांना लावत बसला. तोवर भाकऱ्या गार झाल्या.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर ती गुरुजींना म्हणाली, "पहिली-दुसरी माझी मला द्या."

"घ्या," ते म्हणाले.

पहिलीची पोरं तरटावर बसली. शनिवार-रविवारात काही विसरली का ते बघायला तिनं त्यांना एकदा अंक म्हणायला लावले. एक पोर चुकलं, शेजारच्यानं त्याला ढोसलं, त्यानं लगेच सुधारलं. विसापर्यंत आल्यावर पोरं थांबली. त्यांना पुढचं कुणी सांगितलंच नव्हतं. येसूही विसाच्या पुढं कधी गेली नव्हती.

चांगुणानं फळा पुसला. उजव्या हाताच्या बोटांना चिंधी बांधलेली होती, म्हणून तिनं खडू अंगठ्यात आणि करंगळीत धरला, आणि वेड्यावाकड्या अक्षरात दोन काढला, त्याच्यापुढं एक.

"एकवीस," ती म्हणाली. "म्हणा."